चित्रपटगृहाची किल्ली

चित्रपटगृहाचा परवाना ज्याच्या नावे असतो, इमारतीची घरपट्टी जो भरतो, तिकीटविक्रीचा हिशेब जो वेळच्या वेळी सरकारदरबारी रुजू करतो आणि खेळाच्या मध्येच पंखे थांबले तर पहिल्या रांगेपासून बाल्कनीपर्यंत सर्वांची बोलणी ज्याला निमूटपणे खावी लागतात, त्या गृहस्थाला आपल्या प्रोजेक्टरवर कोणता चित्रपट चढवावयाचा हे ठरविण्याचा अधिकार असतो, अशी जर कोणा वाचकाची समजूत असेल, तर ती त्याने आता दुरुस्त करून घ्यावी. गेल्या वीस वर्षांत हा अधिकार त्याच्या हातून बव्हंशी निघून गेला आहे. तो कोणी जबरदस्तीने हिरावून घेतला असेही नाही. भाडेपट्ट्याच्या कलमांतून आणि यंत्राच्या अंतर्रचनेतून तो हळूहळू दुसऱ्याच्या दप्तरी जमा झाला आणि व्यवसायाबाहेर त्याचा फारसा गवगवाही झाला नाही.

पूर्वी चित्रपट पेटीतून येत असे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरील नाझ इमारतीत वितरकांच्या कचेऱ्या होत्या, विदर्भ-खानदेशाकडील चित्रपटगृहांचा व्यवहार अमरावती-भुसावळच्या पेढ्यांशी असे आणि तेथून त्या पत्र्याच्या जड पेट्या रेल्वेच्या पार्सलाने किंवा एस.टी.च्या टपावरून गावोगाव रवाना होत. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रे उमटावयाची तर यंत्रातून मिनिटाला ९० फूट फिल्म सरकली पाहिजे. म्हणजे अडीच तासांच्या चित्रपटाला साडेतेरा हजार फूट फिल्म लागे. पेटी दारात उतरली की ऑपरेटर रिळे गुंडाळून तपासी, तुटलेला भाग कातरून सिमेंटने सांधी आणि दोन यंत्रांवर आलटूनपालटून रिळे चढवी. रीळ संपत आले की चौकटीच्या उजव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका चमके. त्यासरशी दुसऱ्या यंत्राची मोटार सुरू करावयाची आणि सुमारे सात सेकंदांनी दुसरा ठिपका दिसताच पडदा या यंत्राकडून त्या यंत्राच्या स्वाधीन करावयाचा, हे काम चांगला ऑपरेटर इतक्या सफाईने करी की प्रेक्षागृहातील कोणाच्या ते ध्यानातही येत नसे. एकच प्रिंट दोन चित्रपटगृहांत लावून, पहिल्याकडे संपलेले रीळ सायकलवरून दुसऱ्याकडे धाडण्याची युक्तीही सर्रास चाले, आणि सायकलस्वार वाटेत अडकला तर दुसऱ्या ठिकाणच्या प्रेक्षकांना अनपेक्षित मध्यंतर लाभे.

ही जुनी रीत निर्दोष होती असे म्हणण्याचा माझा मुळीच मानस नाही. एका प्रिंटचा खर्च अर्धा लाख रुपयांच्या पुढे गेल्यावर मराठी निर्मात्याला मोजक्याच प्रती काढणे परवडे; त्या आधी मुंबई-पुण्यात फिरत, मग जिल्ह्याला जात आणि तालुक्याच्या गावी पोहोचेपर्यंत त्यांच्यावर ओरखड्यांचा असा पाऊस पडू लागलेला असे की कथेतला उन्हाळाही ओलाचिंब दिसे. डिजिटल तंत्राने ही विषमता दूर केली, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. २०१६ साली ‘सैराट’ प्रदर्शित झाला तेव्हा करमाळ्याच्या परिसरात घडलेली ती गोष्ट महानगरात जितकी स्वच्छ दिसली तितकीच लहान गावांतूनही दिसली. फिल्मच्या जमान्यात हे एखाद्या बड्या हिंदी चित्रपटालाच शक्य झाले असते. शिवाय मागे फिरण्याची वाटही आता उरलेली नाही. फूजीफिल्मने २०१३ साली चित्रपटांच्या फिल्मचे उत्पादन बंद केले आणि त्याच सुमारास अमेरिकेत पॅरामाउंटने ३५ मिलिमीटरच्या प्रती वितरित करणे थांबविले. माझी तक्रार यंत्राविरुद्ध नसून त्या यंत्रावर चित्रपट चढविण्याच्या अधिकाराविषयी आहे, आणि ती नीट समजावयाची तर हे चढविणे प्रत्यक्षात कसे होते ते जवळून पाहिले पाहिजे.

आता वितरकाकडून येते ती बोटभर जाडीची हार्ड डिस्क; फोमचे अस्तर असलेल्या प्लॅस्टिकच्या पेटीत ठेवलेली, वर चित्रपटाचे नाव चिकटविलेली. तीत जो ऐवज असतो त्याला डीसीपी म्हणतात. हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंनी २००२ साली एकत्र येऊन स्थापन केलेल्या संस्थेने २००५ च्या जुलै महिन्यात डिजिटल सिनेमाची जी तांत्रिक संहिता प्रसिद्ध केली, तिच्यात चित्रपटाचे प्रत्येक चित्र स्वतंत्रपणे जेपेग २००० पद्धतीने बांधावे, ध्वनी मात्र यत्किंचितही न आवळता तसाच ठेवावा आणि चित्रांचा ओघ सेकंदाला २५० मेगाबिटांच्या वर जाऊ नये असे ठरविण्यात आले. अडीच तासांच्या चित्रपटात २,१६,००० चित्रे. त्या मर्यादेपर्यंत ओघ वापरला तर फाइलींचा भार २८० गिगाबाइटांपर्यंत जातो. डिस्कवरून हा सर्व ऐवज चित्रपटगृहाच्या सर्व्हरवर उतरवून घ्यावयाचा. धंद्यात याला ‘कंटेंट लोड करणे’ म्हणतात, आणि साध्या यूएसबीच्या जुन्या जोडणीने हे काम करावयाचे झाले तर त्याला जवळजवळ चित्रपट पाहण्याइतकाच वेळ लागतो. म्हणून जाणता ऑपरेटर ते गुरुवारी रात्रीचा खेळ संपल्यावर सुरू करतो. बाराच्या पुढे केबिनमध्ये दुसरे काही करण्यासारखे नसते. सर्व्हरच्या पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत असते आणि खाली प्रेक्षागृहात झाडूवाल्या बाया खुर्च्यांखालच्या पॉपकॉर्नचा समाचार घेत असतात. नक्कल उतरली की सर्व्हर प्रत्येक फाइलचा अंकगणिती दाखला पुन्हा काढून मूळच्या दाखल्याशी ताडून पाहतो, आणि त्यात एका अक्षराचीही तफावत आढळली तर सर्व खटाटोप व्यर्थ ठरवून मोकळा होतो. नव्याण्णव टक्क्यांवर आलेली पट्टी लाल होताना पाहिलेल्या माणसाला नियतीवर वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही. एखाद्या उत्साही मॅनेजराने हीच डिस्क आपल्या कचेरीतील साध्या संगणकाला लावली तर तो संगणक, डिस्कवरील लिनक्सची मांडणी न ओळखता आल्यामुळे, ‘ही डिस्क फॉरमॅट करावयाची आहे काय?’ असे अत्यंत अदबीने विचारतो. त्या अदबीला भुलून दिलेला होकार चित्रपटगृहाला त्या शुक्रवारपुरता तरी महाग पडतो.

इतके सगळे यथासांग पार पडले तरी चित्रपट दिसत नाही. डीसीपी कुलूपबंद असते आणि तिची किल्ली वेगळ्या वाटेने, ईमेलने, येते. या किल्लीला केडीएम म्हणतात. ती काही ओळींची लहानशी फाइल असते. पण तिच्यात कोणता चित्रपट, कोणत्या सर्व्हरवर, कोणत्या तारखेच्या किती वाजल्यापासून कोणत्या तारखेच्या किती वाजेपर्यंत चालेल, याचा हुकूमनामा गुप्तलिपीत लिहिलेला असतो. शेजारच्या पडद्यासाठी काढलेली किल्ली या पडद्याला चालत नाही. मुदत संपली की सर्व्हरवर उतरलेले ते शेकडो गिगाबाइट जागच्या जागी निर्जीव होतात. घड्याळ मागे करून मुदत वाढवावी म्हणाल, तर यंत्रातील सुरक्षित घड्याळ वर्षभरात सहा मिनिटांपलीकडे पुढेमागे करता येत नाही, अशी तरतूद त्या संहितेतच आहे. यंत्राच्या गाभ्यातील झाकण कोणी उघडले, किंवा आतली लहानशी बॅटरी दुर्लक्षामुळे उतरली, तर यंत्र आपली ओळख स्वतःच पुसून टाकते. मग ते कारखान्याकडे पाठवावे लागते, आणि बदली यंत्र आले तरी जुन्या नावाने आलेल्या किल्ल्या त्याच्या उपयोगी पडत नाहीत, नव्या मागवाव्या लागतात. शुक्रवारी सकाळी नऊच्या सुमारास ऑपरेटर वितरकाच्या कचेरीला फोन करून ‘साहेब, कंटेंट काल रात्रीच चढलाय, पण की अजून आली नाही हो,’ असे विनवीत आहे आणि तिकडून ‘अहो काका, पाठवलीय, स्पॅममध्ये बघा जरा,’ असे उत्तर येत आहे, हे संभाषण आता कोणत्याही केबिनला नवीन राहिलेले नाही.

किल्लीची योजना ज्यांनी केली त्यांचे म्हणणेही न्याय्य आहे, आणि त्यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून ते येथे मांडतो. डिजिटल प्रतीची नक्कल काढण्यास ना रसायने लागत ना कारखाना. एक कुलूप नसलेली प्रत बाहेर गेली तर त्याच संध्याकाळी ती रस्तोरस्ती पेनड्राइव्हवर विकली जाईल, ही निर्मात्यांची भीती काल्पनिक म्हणता येणार नाही. ज्याने घर गहाण टाकून चित्रपट काढला त्याने आपल्या मालाला कुलूप लावले तर त्यात गैर काय? मात्र चोरी पकडण्याची व्यवस्था केवळ या कुलपावर उभी नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. डोळ्यांना न दिसणारी आणि कानांना न कळणारी एक खूण प्रत्येक खेळात चित्रात आणि ध्वनीत मिसळली जाते आणि कोणी प्रेक्षागृहात कॅमेरा लपवून चोरटे चित्रण केले तर ते कोणत्या पडद्यावर आणि केव्हा केले, हे त्या खुणेवरून शोधता येते. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्याने अशा चोरीला किमान तीन महिन्यांची कैद आणि किमान तीन लाखांचा दंड ठेवला आहे. किल्ली असावी, पण तिने चोराला अडवावे. किल्ली कोणाच्या तिजोरीत राहावी आणि तिच्या आडून आणखी कोणाकोणाला अडविले जावे, हा प्रश्न चोरीच्या प्रश्नाहून वेगळा आहे.

आपल्याकडे या प्रश्नाला एक निराळेच वळण लागले. हॉलिवूडच्या संहितेप्रमाणे बनलेली यंत्रे इतकी महाग होती की एकपडदा चित्रपटगृहाच्या मालकाला ती विकत घेणे अशक्य होते. तेव्हा मुंबईची यूएफओ मूव्हीज, चेन्नईची क्यूब अशा कंपन्या पुढे आल्या. त्यांनी यंत्रे भाड्याने दिली, देखभाल पत्करली आणि यूएफओने तर चित्रपट उपग्रहावरून थेट चित्रपटगृहाच्या गच्चीवरील तबकडीत उतरविण्याची सोय केली, जेणेकरून डिस्क नेणे-आणणेही वाचले. आडगावची कित्येक चित्रपटगृहे केवळ या व्यवस्थेमुळे तगली, हे कबूल न करणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु यंत्र ज्याचे, त्याचाच सर्व्हर, त्याचीच किल्ली आणि त्याच्याच कारखान्यात तयार झालेली प्रत, असा हा व्यवहार पुढे वाढत गेला. विहीर आपल्या शेतात असावी आणि पाण्याची पाळी मात्र सावकाराच्या हुकमाने लागावी, तशी चित्रपटगृहवाल्याची अवस्था झाली. निर्मात्याकडूनही प्रत्येक पडद्यामागे ‘व्हर्च्युअल प्रिंट फी’ नावाचे शुल्क घेतले जाऊ लागले. यंत्रांचा खर्च वसूल होईपर्यंतची तात्पुरती तजवीज म्हणून परदेशात या शुल्काची कल्पना निघाली होती; येथे ते संपण्याचे चिन्ह दिसेना, तेव्हा २०१८ च्या मार्चमध्ये दक्षिणेकडील निर्मात्यांनी नवे चित्रपट प्रदर्शित करणेच बंद केले, आणि तामिळनाडूत तर तो बहिष्कार सुमारे दीड महिना चालला. त्यानंतर २०२५ च्या एप्रिलमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने या दोन्ही कंपन्यांच्या भाडेकरारांतील, चित्रपटगृहाला अन्य पुरवठादाराने तयार केलेली चित्रपट-सामग्री दाखविण्यास मज्जाव करणाऱ्या अटी स्पर्धेला बाधक ठरविल्या आणि दंड केला.

माझ्या मते आयोगाचा हा निर्णय चित्रपटव्यवसायाच्या वार्तेपुरता राहू नये. त्यामागे एक साधे तत्त्व आहे, आणि ते कायद्याच्या भाषेत स्पष्टपणे उतरविले गेले पाहिजे. सेन्सॉर मंडळाचे प्रमाणपत्र ज्या चित्रपटाला आहे आणि ज्याच्या मालकाची लेखी संमती आहे, त्या चित्रपटाची शुद्ध प्रत, ती कोणीही तयार केलेली असो, आपल्या पडद्यावर चढविण्याचा हक्क परवानाधारक चित्रपटगृहाला असला पाहिजे; यंत्र भाड्याचे आहे एवढ्या कारणाने तो हक्क कोणत्याही करारनाम्याने हिरावला जाऊ नये. मुंबई चित्रपटगृह (विनियमन) अधिनियम १९५३ सालचा आहे. आगीपासून संरक्षण, बाहेर पडण्याचे मार्ग, विजेची व्यवस्था यांच्या दृष्टीने परवान्याच्या अटी घालण्याची सोय त्यात होती, कारण त्या काळी केबिनमधली सर्वांत भयंकर वस्तू म्हणजे पेट घेणारी नायट्रेट फिल्म. आजच्या केबिनमध्ये पेटण्यासारखे फारसे काही उरलेले नाही. धोका आहे तो यंत्र मुके होण्याचा, आणि परवाना देणाऱ्या सरकारने त्याचाही विचार करावयास हरकत नाही.

या हक्काची सर्वांत अधिक गरज मराठीला आहे. शासनाने २०१५ साली मल्टिप्लेक्सना मोक्याच्या वेळी मराठी चित्रपट दाखविण्याचा आग्रह धरला, त्यावर वर्तमानपत्रांचे रकाने भरले. पण चित्रपट मिळालेल्या वेळेपर्यंत यंत्रावर चढेल कसा, याकडे त्या वादात कोणाचे लक्ष गेलेले दिसले नाही. कोल्हापूरच्या किंवा नांदेडच्या एखाद्या तरुणाने मित्रांच्या पैशातून चित्रपट पुरा केला, तर डीसीपी-ओ-मॅटिक नावाची विनामूल्य आज्ञावली वापरून तो आपल्या घरच्या संगणकावर, एक पैही खर्च न करता, संहितेला धरून असलेली प्रत तयार करू शकतो. संगणक साधा असला तर एक-दोन रात्री तो चालू ठेवावा लागेल, इतकेच. जे काम पूर्वी प्रयोगशाळेशिवाय होत नसे ते आता स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत होते, हा केवढा थोर बदल आहे! पण ही प्रत घेऊन तो तालुक्याच्या चित्रपटगृहात गेला आणि मालक कितीही सहृदय निघाला, तरी भाड्याच्या यंत्रात ती घालण्याची मुभा करारनाम्याने त्याला नसेल, तर दोघांनी एकमेकांना चहा पाजून निरोप घेण्यापलीकडे काय करावे? मुंबईचे प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून रसिकांना जगातले चित्रपट दाखवीत आले आहे. अशा मंडळांना गावच्या चित्रपटगृहात रविवारी सकाळचा एक खेळ भाड्याने घ्यावयाचा झाला तर हीच भिंत आडवी येते. गावोगावच्या जत्रांत तंबू ठोकणाऱ्या टुरिंग टॉकीजची कहाणी शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटाने २०१६ साली कान महोत्सवात जगापुढे ठेवली. फिल्मची पेटी ट्रकमध्ये टाकून वाटेल त्या माळावर खेळ लावणाऱ्या या मंडळींना, ठरावीक यंत्राच्या नावे ठरावीक मुदतीची किल्ली ईमेलने येणार आणि त्यासाठी माळावर इंटरनेट शोधावे लागणार, ही व्यवस्था कितपत मानवेल याची कल्पना करण्यास फार बुद्धी लागत नाही.

किल्लीच्या मुदतीबद्दलही एक शब्द लिहिणे प्राप्त आहे. निर्माता आणि त्याचे सावकार यांच्यातील देण्याघेण्याचा तंटा मिटेपर्यंत किल्ली रोखून धरावयाची, आणि तोवर तिकिटे काढून दारात उभ्या असलेल्या प्रेक्षकांनी पहिला खेळ रद्द झाल्याची पाटी वाचून घरी जावयाचे, हा प्रकार विशेषतः दक्षिणेत अनेकदा घडला आहे. धनकोचा हक्क खरा असेल. पण तो बजावण्याची जागा दिवाणी न्यायालय आहे, चित्रपटगृहाचा सर्व्हर नव्हे. ज्या खेळाची तिकिटे विकली गेली त्याची किल्ली विक्री सुरू होण्यापूर्वीच चित्रपटगृहात पोहोचलेली असावी, आणि तिची मुदत खेळाच्या वेळेपुरती कातरलेली नसून आधी एकदा तपासून पाहता येईल इतकी ऐसपैस असावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. महोत्सवांत तर याची फारच निकड भासते. गोव्यात २००४ पासून भरणाऱ्या इफ्फीसारख्या ठिकाणी देशोदेशींच्या प्रती आणि त्यांच्या निरनिराळ्या मुदतींच्या किल्ल्या यांची जुळवाजुळव करणाऱ्या तंत्रज्ञांचे हाल पाहुण्यांच्या दृष्टीस पडत नाहीत इतकेच.

राहता राहिली जतनाची गोष्ट, आणि माझ्या लेखी तीच सर्वांत महत्त्वाची आहे. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ च्या ३ मे रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी आयुष्य वेचून जुनी रिळे जमविली, त्यांत फाळक्यांच्या चित्रपटांचे अवशेषही त्यांच्या हाती लागले. ती रिळे आक्रसली होती, बुरसटली होती, अपुरी होती. तरीही त्यांतला कोणताही वीतभर तुकडा खिडकीपाशी धरला तर आत माणसे दिसतात, आणि तो उघडण्यासाठी फाळक्यांच्या वितरकाची परवानगी लागत नाही. २००३ साली पुण्यातच लागलेल्या आगीत प्रभात फिल्म कंपनीच्या काळातील नायट्रेटच्या प्रती भस्मसात झाल्या तेव्हा आपण हळहळलो. कुलूपबंद डीसीपीला जाळण्याचीही गरज नाही. गुप्तलिपीचे मूळ सूत्र ज्या पेढीच्या संगणकात होते ती पेढी बुडाली, किंवा निर्मात्याच्या वारसांनी कपाट आवरताना ते सूत्र असलेली डिस्क भंगारात दिली, की कपाटात उरलेली प्रत धडधाकट असूनही कायमची वाचण्यापलीकडे जाते.

शासन दर्जेदार मराठी चित्रपटांना अर्थसाहाय्य देते. तो पैसा करदात्यांचा आहे आणि चित्रपटाचे पहिले आर्थिक आयुष्य संपल्यावर त्याचे दुसरे, सांस्कृतिक आयुष्य सुरू व्हावे एवढी अट त्याला जोडणे सर्वथा उचित ठरेल. अर्थसाहाय्याचा शेवटचा हप्ता देण्यापूर्वी चित्रपटाची कुलूप नसलेली प्रत पुण्याच्या संग्रहालयात दाखल झाली आहे आणि तेथील तंत्रज्ञांनी ती आपल्या सर्व्हरवर चढवून पहिल्या चित्रापासून शेवटच्यापर्यंत तपासून पाहिली आहे, अशी पावती मागावी. प्रत संग्रहालयाबाहेर जाणार नाही याची हमी मुदतीसह सरकारने लिहून द्यावी, आणि मुदत उलटल्यावर चित्र मंडळांना व शाळा-महाविद्यालयांना ती दाखविता यावी. अनुदानाच्या अर्जाला आजही प्रतिज्ञापत्रांपासून हमीपत्रांपर्यंत कागदांचा जो भारा जोडावा लागतो, त्यात आणखी एका पावतीची भर पडली म्हणून कोणी निर्माता मागे फिरेल असे मला वाटत नाही.